डोणीवर लावलेला फोकस

"मॅडम, ह्या लेन्सला जीवच नाय."

गुरुवारची सकाळ होती. दुकानाचं शटर मी अर्धं वर ढकललं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे अनिता होती. आदल्या दुपारी मीच तिला एक लेन्स भाड्यानं दिली होती.

"जीव नाही म्हणजे काय झालं?"

"बटन अर्धं दाबलं की घर्र करून आवाज यायला पायजे ना? काहीच होईना. समदं धुरकट दिसतंय."

"कॅमेऱ्याच्या तोंडावर कोपऱ्यात नंबर लिहिलाय. तो वाच बघू."

तिनं वाचला. मी शटरखाली वाकलेली होते, तशीच पायरीवर बसले. चूक तिची नव्हती, लेन्सचीही नव्हती. चूक माझी होती, आणि ती अशी होती की नवशिक्यानं केली असती तर मी त्याला दिवसभर बोलले असते.

थोडं मागचं सांगते. आमचं दुकान औरंगपुऱ्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मालक रशीदभाई. मी त्यांच्याकडे रोलच्या जमान्यात लॅबमध्ये लागले. पुढे रोल गेले, लॅब गेली, मी राहिले. कॅमेरे-लेन्स दुरुस्त करणं आणि भाड्यानं देणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे. नवं गिऱ्हाईक आलं की अजूनही माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारतं, "सर कुठंयत?" मी सांगते, "सर मीच." मग ते जरा गोंधळतं आणि काम सुरू होतं.

ती पावसानं लागोपाठ दगा दिलेली वर्षं होती. नळाला पाणी कधी येणार ते नळालाच ठाऊक. पण शहर काही थांबलेलं नव्हतं. चारी बाजूंनी प्लॉटिंगचे बोर्ड लागत होते, जेसीबी चालत होते, आणि धूळ तर विचारू नका. दुष्काळात ज्या मोजक्या धंद्यांना बरकत आली, त्यात टँकरवाले आणि आमचं सेन्सर-क्लीनिंग. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली काच म्हणा, फोटो तिच्यावर उमटतो. लेन्स बदलायला कॅमेरा उघडला की धूळ आत जाते आणि प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका येतो. म्हणून त्या वर्षांत सुपरझूमला फार मागणी होती. सुपरझूम म्हणजे ऑल-इन-वन लेन्स. जवळचं, लांबचं, सगळं एकीतच. पुढचा भाग फिरवला की आख्खं गाव दिसतं, आणखी फिरवला की गावातल्या पाटलाच्या मिशा. लेन्स बदलायची गरज नाही, कॅमेरा उघडायची गरज नाही. सगळ्या भाज्यांना एकच मसाला घातल्यासारखं आहे हे. जेवण होतं, पण कुठल्याच भाजीची खरी चव लागत नाही. तरी घाईच्या माणसाला चालतं.

बुधवारी अनिता आली ती कंपनीच्या युनिफॉर्मवर, गळ्यात ओळखपत्र. वाळूजला पॅकिंगच्या लाइनवर काम करायची. वय असेल चोवीस-पंचवीस. काउंटरवर लग्नाचे दोन फोटोग्राफर एकाच फ्लॅशवरून भांडत होते. त्यांच्या मधून वाट काढत ती पुढे आली.

"लांबचं काढायची लेन्स पायजे. जवळचंबी निघालं पायजे. मला बदलता येत नाय, तवा एकच द्या."

"काय काढायचंय?"

"आबाला. माझ्या वडलांना. मेंढरांसंगं."

"वडीलच आहेत ना? मग जवळ जाऊन काढ की. लांबची लेन्स कशाला?"

"तेच तर व्हत नाय." ती काउंटरवर कोपरं टेकून सांगायला लागली. भांडणारे दोघेही गप्प झाले. "एक तर आबा मेंढरांचा फोटू काढूच देत नाय. आमच्यात मेंढरं मोजत नसत्यात. मोजली की कमी व्हत्यात म्हणत्यात. फोटूत म्हंजी मोजल्यावानीच झालं. आणि आबाचा एकट्याचा काढाया गेलं, तर टोपी नीट करून खांबावानी ताठ उभं राहत्यात. आधार कार्डावर हायेत तसं. मला आबा चालताना पायजे. उभं राहिलं की ते आबाच वाटत नाय."

फुलंब्रीच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. पाऊस नाही म्हणून चारा नाही, आणि जिथं चार काड्या उगवायच्या त्या माळाला तारेचं कुंपण पडलेलं. प्लॉटिंगवाल्यानं आबांना त्याच माळावर वॉचमन म्हणून ठेवायचं कबूल केलं होतं. कळप विकायचा ठरला होता.

"परवा सकाळी, शुक्रवारी, व्यापाऱ्याचा टेम्पो यायचाय," ती म्हणाली. "म्हंजी उद्याची सांज तेवढी हाय माझ्याकडं. मेंढरं माघारी येतानाची."

"पण विकणारच आहात, तर फोटोची कसली नजर?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हणलं. तर आबा म्हणत्यात, ज्याच्या दारात जातील तिथं तरी टिकली पायजेत."

मी कपाटाकडे वळले.

ऑल-इन-वन आमच्याकडे दोन होत्या. नवी फर्दापूरला एका पार्टीकडे गेलेली, लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांचं काम होतं, शनिवारपर्यंत परत येणार नव्हती. जुनी कपाटात होती. कॅमेरा अनिताच्या सुपरवायझर मॅडमचा होता, तो शिफ्ट सुटल्यावर हातात मिळणार होता. मी कंपनी विचारली, तिनं सांगितली. कंपनी जुळली. मी फॉर्म भरून घेतला, ओळखपत्राची झेरॉक्स घेतली आणि लेन्स दिली.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाच्या बॉडीवर लावून पाहिल्याशिवाय लेन्स दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. नियम मीच काढलेला, मीच कागदावर लिहून काउंटरला चिकटवलेला. त्या दिवशी तो कागद माझ्या कोपराखाली होता.

झालं होतं असं. फोकस करायला, म्हणजे फोटो धारदार यावा म्हणून लेन्समधल्या काचा पुढेमागे सरकवायला, एक छोटी मोटर लागते. नव्या लेन्समध्ये ती लेन्सच्याच पोटात असते. जुन्यांमध्ये नसते. त्यांना कॅमेऱ्यातली मोटर ढकलते. आणि स्वस्तातल्या बॉडीत कंपनीनं ती मोटर काढून टाकलेली असते. बिनमोटरची लेन्स बिनमोटरच्या बॉडीवर खटकन बसते, फोटोही निघतो, पण फोकस करायला दोघींपैकी एकीचाही हात हलत नाही. अनिताच्या हातात नेमकी तीच जोडी मी दिली होती.

फोनवर तिला म्हटलं, "दहा मिनिटांनी करते," आणि हातपाय मारायला लागले. मोटरवाली दुसरी लांबची लेन्स कपाटात उरलेली नव्हती. मोटर असलेल्या आमच्या दोन बॉड्या होत्या. एक पैठणला लग्नात, दुसरी त्याच फर्दापूरच्या पार्टीकडे. गुलमंडीपर्यंतच्या तीन दुकानांत फोन केले. लग्नसराई, कोण देतंय? कॅमेऱ्याबरोबरची छोटी लेन्स अनिताकडे होती आणि ती चालतही होती. पण तिच्यानं आबांचा चेहरा टिपायचा, तर दहा पावलांवर जाऊन उभं राहायला हवं. म्हणजे पुन्हा टोपी नीट आणि आबा खांब.

रशीदभाई आले. मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बॉडी पे लगाए बगैर दिए?" ते हळूच म्हणाले. "तुम?"

"मी जाऊन येते फुलंब्रीला," मी पर्स उचलली.

"जाको क्या करते? लेन्स में मोटर बिठाको आते क्या?" त्यांनी माझ्या हातातली पर्स काढून खुर्चीवर ठेवली. "फोन पे सिखाओ बच्ची को. अपन लोगां कौनसे मोटर पे सीखे थे?"

खरं होतं. रोलच्या काळात सगळे हातानंच फोकस करायचे. मी अनिताला परत फोन लावला.

"लेन्सच्या कडेला बारकं बटण आहे. ए आणि एम. ते एमवर कर. केलंस? आता पुढची रिंग हळूहळू फिरव. समोर काय आहे?"

"कोंबडी."

"कोंबडी नको, ती पळते. दगड बघ एखादा. रिंग फिरवत जा. आत खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागेल. लागला की थांब."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. मग ती ओरडली, "लागला! लागला मॅडम! दगडाची चीर चीर दिसायली!"

तिचा आनंद ऐकून मला जास्तच अपराधी वाटलं. दगडावर कुणालाही जमतं. चालत्या जिवावर हातानं फोकस ठेवायला मला दोन वर्षं लागली होती. हिच्याकडे दुपार होती.

अशा वेळी जुने फोटोग्राफर एक युक्ती करायचे. पळत्याच्या मागे लागायचं नाही. तो जिथून जाणार ती जागा आधी हेरायची, तिथं फोकस लावून रिंग सोडून द्यायची आणि वाट बघायची. तो तिथं आला की आपोआप धारदार.

"मेंढरं माघारी येताना नेहमी एखाद्या जागेवरून येतात का? ठरलेल्या?"

"येत्यात की. वघळीतनं वर चढत्यात आणि डोणीपाशी थांबत्यात." वघळ म्हणजे पावसाच्या पाण्यानं पडलेली घळ, आणि डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायला दगडात कोरलेलं टाकं. "पाणी नाय त्यात दोन वर्षं. तरी थांबत्यात. सवय."

"मग झालं. तू बांधाच्या आड बस. मेंढरं अगदी लांब असताना लेन्स पूर्ण मागे घेऊन आख्ख्या माळाचे दोन-चार काढ. मग झूम पुढे घेऊन डोणीवर हिरवा ठिपका लाव. त्यानंतर रिंगला हात लावायचा नाही. सगळ्यात पुढचं डोणीला टेकलं, की दाबायला लाग. थांबू नको."

"पुढचं आलं की दाबायचं."

"हो. अगदी तसंच."

"बरं मॅडम."

शुक्रवारी तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. टेम्पो येऊन गेला असेल, त्या घरात आज काय बोलायचं, असं वाटत राहिलं. एका फोटोग्राफरनं बॅटरी चार्ज नाही म्हणून तक्रार केली, तर त्याच्यावर उगाच खेकसले.

शनिवारी दुपारी ती आली. लेन्स ओढणीत गुंडाळलेली, आणि मागे एक उंच, वाळका म्हातारा. डोक्याला पागोटं नव्हतं, पांढरी टोपी होती. दुकानात येताना त्यांनी चप्पल बाहेर काढली.

"आबा," अनिता म्हणाली. "प्लॉटिंगच्या हापिसात कागदं द्यायला आलेत. लेन्स द्यायला मीबी येतो म्हणले."

"बसा आबा," मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

अनितानं आणलेलं मेमरी कार्ड मी कॉम्प्युटरला लावलं. रशीदभाई चहा सांगून माझ्या मागे येऊन उभे राहिले. पहिले चार फोटो आख्ख्या माळाचे. सगळं स्वच्छ. कुंपणाचे खांब, प्लॉट नंबरचे दगड, आणि त्यांच्या मधून येणारी मेंढरांची लांबलचक रांग. रांगेच्या शेवटी मुंगीएवढा एक माणूस.

शेवटी.

तिथंच मला माझी दुसरी चूक कळली. माझा जन्म पदमपुऱ्यातला. मेंढरं मी पाहिलेली ती रस्ता अडवलेली असताना, रिक्षात बसून. मेंढपाळ कळपाच्या पुढे चालतो असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, कुठल्या कॅलेंडरवरून ते देव जाणे. "सगळ्यात पुढचं" म्हणताना माझ्या डोळ्यासमोर आबा होते. आबा तर माघारी येताना सगळ्यांच्या मागे चालतात. मागे राहणारं, लंगडणारं, थकलेलं कोकरू मागेच असतं ना.

पुढचे फोटो उघडले. डोण धारदार. डोणीला टेकलेली पहिली मेंढी धारदार, तिच्या नाकपुडीची ओल दिसेल इतकी. तिच्या डाव्या-उजव्या अंगाची दहा-बारा मेंढरं धारदार. आणि मागे वीसेक पावलांवर पांढऱ्या टोपीचा, काठी धरलेला एक पुसट आकार. चेहरा नाहीच. असे सतरा-अठरा फोटो.

"पुढं नाहीत का? ते डोणीपाशी आल्यावरचे?" मी विचारलं.

"नाय." अनिताचा आवाज बारीक झाला होता. "मेंढरांनी मला वळखलं. डोण सोडून समदी बांधावर आली, माझ्या अंगावर. लहानपणी मीच पाला टाकायची त्यांना. कळप वळला तसं आबा व्हते तिथंच थांबले. मग काढायला काय दिसंचना, निस्ती लोकर."

"तू मला सांगायचं नाहीस का, आबा मागं चालतात म्हणून?"

"तुम्ही म्हणला ना, पुढचं आलं की दाब. मला वाटलं, तसंच असंल त्याचं."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. तिनं एक शब्द वाकडा बोलला नव्हता. लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र बारीक केलं की मागचंही बरंच स्पष्ट येतं; तेवढं सांगितलं असतं, तरी आबा थोडे सावरले असते. तेही मला सुचलं नव्हतं. एक संध्याकाळ होती त्या मुलीकडे, आणि ती मी घालवली होती.

"अनिता, मी चुकले," मी म्हटलं. "दोनदा चुकले."

तिनं मान हलवली आणि ओढणीनं डोळे पुसायला लागली. "आबा कुठंच नाय ह्याच्यात," एवढंच म्हणाली.

आबा तोवर दाराशीच होते. आता ते पुढे आले आणि स्क्रीनच्या समोर वाकले. मला वाटलं, नजरेच्या गोष्टीवरून चिडतील. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी पडद्यावर बोट टेकवलं, "चांगली तीसेक तरी असतील नाही—"

"मोजू नगा," आबा म्हणाले. रागानं नाही, लहान मुलाला सांगतात तसं.

मी बोट मागे घेतलं. त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं.

"ही बांडी. हमेशा पुढं ती. हिच्या मागं तिची लेक, दोघींचं एका मिनिटाला पटत न्हवतं, पर चालणार बाजूबाजूनं. ही एका डोळ्यानं आंधळी, म्हणून डाव्या अंगाला घालायची. हिला पिशोरच्या बाजारातनं आणली व्हती, पाठीवर घालून. ही…" ते थांबले. "अने, ही कोण गं?"

अनिता नाक ओढत वाकली. "लांबकानीची थोरली, आबा."

"व्हय. लांबकानीची." ते आणखी जवळ गेले. "नाकावरला डागबी आलाय बघ हिचा."

एकेका फोटोवर ते असे थांबत गेले. सतरा-अठरा फोटो, जवळजवळ तासभर. चहा आला आणि निवला. रशीदभाईंनी आलेली दोन गिऱ्हाइकं हातानंच बाहेर थोपवून धरली. आबांनी एकदाही मागच्या त्या पुसट आकाराकडे पाहिलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

"आबा, तुमचाच चेहरा बिघडला हो माझ्यामुळे. पोरीला तुमचाच पाहिजे होता."

त्यांनी अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि एक छोटं पाकीट काढलं. वॉचमनच्या कागदांसाठी सकाळीच कुठल्याशा स्टुडिओत काढलेले पासपोर्ट फोटो. टोपी नीट, मान ताठ, डोळे वटारलेले. एकसारखे आठ. अगदी धारदार.

"तोंड पायजे तर ह्ये घ्या," त्यांनी त्यातला एक सुटा करून अनिताच्या हातात ठेवला. "पायजे तितके निघत्यात ह्याचे. ती आता कुठं दिसायचीत?"

अनितानं तो फोटो मुठीत धरला, आणि मग मात्र ती खरीखुरी रडली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्क्रीनकडेच बघत राहिले.

"बडा निकालो," रशीदभाई मला म्हणाले. "वो बांडीवाला. अच्छे कागज पे."

मी काढला. आबांनी तो मागून-पुढून पाहिला, वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला आणि चप्पल घालून निघाले. लेन्स मी तपासून कपाटात ठेवली. झूमच्या फटीत लोकरीचा एक तंतू अडकलेला होता, तो चिमट्यानं काढला. लेन्सचं नुकसान काही नव्हतं.

त्यानंतर लेन्स देताना मी दोन प्रश्न न चुकता विचारते. बॉडीचं मॉडेल कुठलं? आणि जे काढायचंय, त्यात तुमचं माणूस पुढे असतं की मागे? पहिल्याचं उत्तर लोक पटकन देतात. दुसऱ्याला बहुतेकांना घरी फोन करावा लागतो.